पातातास ब्रावास: तुमच्या पत्रांना उत्तरं

गेल्या अंकात स्पेनमधल्या बारमध्ये बिअरबरोबर मिळणाऱ्या छोट्या खाण्यांबद्दल लिहिलं होतं. त्यात पातातास ब्रावासचा उल्लेख जेमतेम चार ओळींचा होता, पण सगळ्यात जास्त पत्रं आली ती त्यावरच. ज्यांनी तो अंक पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: बटाट्याच्या मोठ्या तळलेल्या फोडी आणि त्यांवर ओतलेला लालसर तिखट सॉस. हा मूळचा माद्रिदचा पदार्थ, विसाव्या शतकाच्या मध्याला तिथल्या बारमधून लोकप्रिय झालेला. माद्रिदमधल्या माझ्या मुक्कामात मी तो पोटभर खाल्ला आणि तितक्याच उत्सुकतेने करताना पाहिला. त्यामुळे हा महिना फक्त त्याचाच.

प्रश्न: स्पेनच्या सहलीत माद्रिदला खाल्लेले ब्रावास अजून आठवतात. घरी बटाटे तळले की पटकन काळपट होतात आणि ताटात येईपर्यंत मऊ पडतात. सॉससाठी मी टोमॅटो केचपमध्ये लाल तिखट कालवते. चव जवळपासही जात नाही. कुठे चुकतंय? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

आधी बटाट्याचं बघू. सॉस कितीही चांगला जमला तरी बटाटा मऊ पडला की पदार्थ गेलाच.

काळपटपणाचा दोष तुमच्या हाताचा नाही, बटाट्याचा आहे. शीतगृहात दोन-चार अंशांवर महिनोन्‌महिने राहिलेल्या बटाट्यातल्या स्टार्चची साखर व्हायला लागते. भाजीत तो किंचित गोडसर लागतो, एवढंच. कढईत मात्र फोड आतून शिजायच्या आधीच ही साखर बाहेरून करपते. वेफर्सवाले म्हणूनच चिपसोनासारख्या जाती घेतात आणि त्या दहा-बारा अंशांवर ठेवतात. मंडईत असा बटाटा बऱ्याचदा ‘शुगर फ्री’ म्हणून विकतात. (मधुमेह असलेल्यांनी या नावावर जाऊ नये. त्यात स्टार्च भरपूर असतो.) भाजीवाल्याला सरळ विचारा, वेफर्सचा बटाटा आहे का? नसेल तर जुना, टणक, जाड सालीचा निवडून घ्या. पातळ सालीचा नवा बटाटा पाणचट असतो, तो रस्सा भाजीला द्यावा. घरी आणलेला बटाटा फ्रिजमध्ये मुळीच ठेवू नका. शीतगृहातला असल्याची शंका आली तर टोपलीत, अंधाऱ्या कोपऱ्यात आठ-पंधरा दिवस राहू द्या, साखर बरीच कमी होते.

आता तळण. चौघांना पाऊण ते एक किलो बटाटे घ्या. साल काढून साधारण दीड इंचाच्या वेड्यावाकड्या, तिरक्या फोडी करा. मापातले चौकोनी तुकडे इथे नकोत, कारण तिरक्या कापाला कडा जास्त येतात आणि कुरकुरीतपणा सगळा त्या कडांचाच असतो. पाणी नितळ दिसेपर्यंत फोडी धुवा आणि सुती फडक्यावर पसरून अगदी कोरड्या करा.

मग त्या दोनदा तळायच्या. पहिल्यांदा मंद आचेवर, तेल 130 ते 140 अंश. थर्मामीटर नसेल तर एक फोड टाकून बघा: ती तळाशी बसली आणि तिच्याभोवती बारीक बुडबुडे संथपणे येत राहिले की तेल बरोबर आहे. दहा-बारा मिनिटांत सुरी आरपार जायला हवी, पण फोडीवर रंग चढता कामा नये. झाऱ्याने काढून परातीत सुट्या पसरा आणि पूर्ण गार होऊ द्या. अर्धा तास तरी हवाच, दोन तास गेले तरी बिघडत नाही. या वेळात आतली वाफ निघून जाते आणि वरचा थर सुकतो. तुमचे बटाटे मऊ पडतात ते ही पायरी गाळल्यामुळे. दुसऱ्यांदा तेल 180 ते 190 अंशांवर कडक तापवा आणि थोड्या थोड्या फोडी सोडून तीन-चार मिनिटं तळा. झाऱ्यात हलवल्यावर त्या खडखड वाजल्या पाहिजेत. मीठ लगेच, तेल निथळतं आहे तोवर भुरभुरवा.

तेल रिफाइंड शेंगदाण्याचं छान चालतं. घाण्याच्या तेलाचा वास मला एरवी फार आवडतो, पण इथे तो सॉसवर कुरघोडी करतो.

आता सॉस. केचपने पदार्थ गोड होतो, तिथेच माद्रिद हातचं गेलं. स्पेनमध्ये बरेच जण टोमॅटो घालतात हे खरं, आणि तुम्हाला हवाच असेल तर ताजा टोमॅटो किसून, पाणी आटेपर्यंत परतून घाला. पण माद्रिदच्या जुन्या पद्धतीत टोमॅटो नसतो. सगळा रंग आणि सगळी चव पिमेंतोनची, म्हणजे तिथल्या लाल मिरचीच्या पुडीची. आमच्या घराखालच्या बारमधला आचारी रोज सकाळी सॉस करायचा, तो कसा ते सांगते. ऑलिव्ह तेलात बारीक चिरलेला कांदा आणि थोडा लसूण, पार मऊ होईपर्यंत पण लाल न होऊ देता. त्यावर मैदा, तो मिनिटभर परतायचा. आणि मग तो पातेलं चक्क गॅसवरून उचलून ओट्यावर ठेवायचा. तेलाची चुरचुर थांबली की पिमेंतोन घालायचा, दोन-तीनदा ढवळायचा आणि दुसऱ्या हातात तयार धरलेलं गरम सूप लगेच ओतायचा. पिमेंतोन चढत्या आचेवर काही सेकंदांत जळतो आणि जळला की असा कडू होतो की नंतर काही घालून उपयोग नसतो. सूप पडल्यावर पातेलं परत गॅसवर, पंधरा-वीस मिनिटं मंद उकळी, शेवटी मीठ आणि थोडं शेरी व्हिनेगर, मग मिक्सरमध्ये गुळगुळीत.

चौघांसाठी प्रमाण: चार मोठे चमचे तेल, एक मध्यम कांदा, दोन पाकळ्या लसूण, एक मोठा चमचा मैदा, एक मोठा चमचा गोड पिमेंतोन, एक छोटा चमचा तिखट पिमेंतोन, पाव लिटर भाज्यांचं किंवा चिकनचं सूप आणि छोटा चमचाभर व्हिनेगर. शेरी व्हिनेगर नसेल तर गोव्याचं माडाच्या ताडीचं व्हिनेगर वापरा. बाजारातल्या पांढऱ्या व्हिनेगरपेक्षा ते कितीतरी सौम्य आणि चवदार आहे.

प्रश्न: पिमेंतोन इथे मिळत नाही आणि ऑनलाइन फार महाग पडतं. आपलं लाल तिखट चालेल का? आणि घरचा कांदा-लसूण मसाला घातला तर? (एक वाचक, कोल्हापूर)

कांदा-लसूण मसाल्यातले बटाटे मी आनंदाने खाईन, पण त्यात खोबरं, तीळ, गरम मसाला असतो. त्याने पदार्थ वेगळ्याच वाटेने जातो. ब्रावासमध्ये मिरची एकटी बोलली पाहिजे.

लाल तिखट चालेल, पण कसं ते समजून घ्या. पिमेंतोनमधला सगळ्यात नावाजलेला प्रकार ला वेराचा. ला वेरा म्हणजे पश्चिम स्पेनमधल्या कासेरेस प्रांतातलं ग्रेदोस डोंगरांच्या दक्षिणेचं खोरं. तिथे शरद ऋतूत, नेमकी मिरची तोडणीला येते तेव्हा, पाऊस असतो. उन्हात वाळवायची सोय नाही. म्हणून शेतकरी मिरची धुराच्या घरात पसरतात, खाली ओकच्या लाकडाचा मंद विस्तव धुमसत ठेवतात आणि दहा-पंधरा दिवस रोज हाताने मिरची खालीवर करतात. धूर असा आतपर्यंत मुरतो. त्यानंतर ती दगडी चक्कीवर अगदी मऊ दळतात. गोड, आंबट-गोड आणि तिखट अशा तीन प्रकारांत ती विकली जाते. स्पेनमधलंच मुर्सियाचं पिमेंतोन मात्र उन्हात वाळवलेल्या मिरचीचं, त्यात धूर नाही.

म्हणजे आपल्याला तीन गोष्टी जमवायच्या आहेत: रंग, थोडा तिखटपणा आणि धूर. रंगाला बेडगी, एक मोठा चमचा. तिखटाला तुमची संकेश्वरी, पाव छोटा चमचा, मग चवीप्रमाणे वाढवा. दोन्ही मैद्याच्या चाळणीने चाळून घ्या, कारण आपल्या तिखटातलं बी सॉसमध्ये कचकच लागतं. धुरासाठी आपली कोळशाची धुरी आहेच. फक्त ती तयार सॉसला देऊ नका, मिरचीला द्या: चाळलेलं तिखट पसरट भांड्यात पसरा, मधोमध वाटी ठेवून तिच्यात लाल झालेला निखारा, त्यावर थेंबभर तेल, आणि वर घट्ट झाकण. पाच मिनिटांनी उघडून पूड खालीवर करा आणि परत एकदा धुरी द्या. दोन आठवडे मुरलेल्या धुराची खोली याला येणार नाही, पण बटाट्यावर ओतल्यावर मन भरतं. आणि महाग डबीबद्दल एक सांगते: घेतलीत तर लहानच घ्या आणि घट्ट बंद करून अंधारात ठेवा. वर्षभर उघडझाक झालेल्या डबीत रंग राहतो, सुगंध जातो.

प्रश्न: नोकरीनिमित्त मी बार्सिलोनात राहते. इथे ब्रावासवर पांढरा सॉस असतो आणि वर लाल तेल. माद्रिदचे सहकारी म्हणतात, हे खरे ब्रावास नव्हेतच. काय मानायचं? (एक वाचक, बार्सिलोना)

तुमच्या शहरातले ब्रावास तितकेच खरे आहेत. कातालोनियात, म्हणजे बार्सिलोनाच्या भागात, आयोली, म्हणजे लसूण आणि तेल खलात घोटून केलेला दाट सॉस, घराघरात असतो. तो बटाट्यावर येणारच. त्यावर तिखट तेलाची धार. सारिया भागातला बार तोमास याच प्रकारासाठी प्रसिद्ध आहे, अजून गेला नसाल तर जरूर जा. माद्रिदला गेलात की शहराच्या मध्यावरच्या सोल चौकाजवळ, आल्वारेस गातो गल्लीत ‘लास ब्रावास’ नावाचा बार शोधा. गल्लीतले वाकडे आरसे पाहून लगेच ओळखाल. त्यांनी आपल्या सॉसचं पेटंट घेतलं आहे आणि तो ते ऑम्लेटवरही घालतात. मला स्वतःला माद्रिदचा सॉस जास्त प्रिय आहे, कारण आयोलीचा लसूण मिरचीला जरा दाबतो.

प्रश्न: आमच्याकडे अंडं चालत नाही. पांढरा सॉस बिनअंड्याचा होईल का? (एक वाचक, जळगाव)

होईल, आणि तोही अस्सल स्पॅनिश. स्पेनमधल्या बारमध्ये हा सॉस बऱ्याचदा मेयोनेजसारखा, अंडं घालूनही करतात. अंडं टाळायचं असेल तर तिथले लोक दुधावर करतात, त्याला लाक्तोनेसा म्हणतात. उभ्या, अरुंद भांड्यात 100 मिली दूध, 200 मिली सूर्यफुलाचं तेल, लसणाची एक पाकळी, मीठ. दूध आणि तेल दोन्ही खोलीच्या तापमानाचं हवं, हे महत्त्वाचं. हँड ब्लेंडर तळाला टेकवून सुरू करा आणि खालून घट्ट पांढरं दिसेपर्यंत जागचा हलवू नका. मग हळूहळू वर आणा. लिंबू किंवा व्हिनेगर सगळ्यात शेवटी, सॉस जमल्यावर. आधी घातलं तर दूध फाटतं. फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवा.

प्रश्न: एअर फ्रायरमध्ये होतील का? (एक वाचक, ठाणे)

होतील, चांगले होतील, फक्त तळलेल्यासारखे खुसखुशीत नाही. फोडी थंड पाण्यात मीठ आणि छोटा चमचाभर व्हिनेगर घालून उकळायला ठेवा. व्हिनेगरमुळे त्या शिजतात पण विरघळत नाहीत. कडा जरा भुसभुशीत दिसल्या की निथळून गार करा, दोन चमचे तेल चोळा आणि 200 अंशांवर वीस मिनिटं, मध्ये एकदा हलवून.

प्रश्न: मुलीच्या वाढदिवसाला वीस मुलं येणार आहेत. ऐन वेळी धावपळ न होता कसं जमवू? (एक वाचक, नाशिक)

अडीच-तीन किलो बटाटे पुरतील, बाकीचं खाणं असणारच. पहिलं तळण दुपारी उरकून घ्या. सॉस आदल्या दिवशी करा, दुसऱ्या दिवशी तो उलट जास्त मुरलेला लागतो. मुलांसाठी तिखट पिमेंतोन किंवा संकेश्वरी वगळा, नुसती बेडगी पुरे. मोठ्यांच्या वाटीत वेगळं तिखट तेल ठेवा. दुसरं तळण मुलं खेळून हात धुवायला गेली की सुरू करा, आणि सॉस गरम करून ताटलीत एका बाजूला वाढा. हळू खाणाऱ्या मुलांचे बटाटे त्याने शेवटपर्यंत कुरकुरीत राहतील.