गुरुवारी दुसऱ्यांदा वाढून घेणारी मुलं

ताई, नमस्कार.

आम्ही सहा वर्षांपासून रेडिंगजवळ राहतो. ह्यांची नोकरी आयटीतली, मी डिपेंडंट व्हिसावर. धाकट्याच्या प्राथमिक शाळेतून मेल आला, की उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेत हॉलिडे क्लब चालणार आहे, अडचणीतल्या घरांतल्या मुलांसाठी, आणि स्वयंसेवक हवे आहेत. वाचल्यापासून मला जावंसं वाटतंय. पण ह्यांचं म्हणणं, "दुसऱ्यांची मुलं, परका देश, काही कमीजास्त झालं तर निस्तरणार कोण?" मोठी मुलगी पंधरा वर्षांची आहे, ड्यूक ऑफ एडिनबरो अवॉर्ड या तरुण मुलांसाठीच्या उपक्रमाची सिल्व्हर पायरी करतेय, तिला स्वयंसेवेचे तास हवेत. सासूबाई जुलैमध्ये येताहेत. माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांची सगळी नोकरी गेली. त्या म्हणाल्या, "मीपण येते, मुलं ती मुलंच." इंग्रजी मात्र जेमतेम. शिवाय आमच्या मंडळातल्या मैत्रिणींचा बेत आहे की एक दिवस सगळ्यांनी मिळून जायचं, मुलांना पुरी-भाजी आणि लाडू द्यायचे, थोडे फोटो काढायचे. हे सगळं कसं जमवू? आणि एक भीती आहे. त्या मुलांसमोर मला रडू आलं तर?

– बर्कशायरमधली एक आई

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण पाच उन्हाळ्यांपूर्वी मी याच उंबऱ्यावर उभी होते. तुम्ही जा, असंच मी सांगणार आहे. पण कसं जायचं, यावर सगळं अवलंबून आहे.

आधी हा क्लब काय आहे ते घरात सगळ्यांना नीट सांगा. इंग्लंडमध्ये ज्या मुलांना घरच्या कमी उत्पन्नामुळे शाळेत मोफत जेवण मिळतं, त्यांचं ते जेवण जुलैच्या शेवटी शाळेबरोबरच बंद होतं. पुढचे सहा आठवडे त्या घरात रोज एक जेवण जास्त लागतं, मूल घरी म्हणून कुणीतरी काम सोडून थांबावं लागतं, आणि पैसे तेवढेच असतात. यावर सरकारने २०१८ पासून काही भागांत खेळ आणि जेवण एकत्र देणारे सुट्टीतले क्लब करून पाहिले. २०२० मध्ये फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्डने, जो स्वतः शाळेच्या मोफत जेवणावर वाढला, हा विषय लावून धरला, आणि २०२१ पासून ही योजना इंग्लंडमधल्या प्रत्येक कौन्सिलमध्ये, म्हणजे स्थानिक प्रशासनात, आली. साधारणपणे उन्हाळ्यात १६ दिवस, ईस्टरला ४ आणि नाताळात ४, रोज किमान चार तास. मोफत जेवणाच्या यादीत नसलेल्या, पण कौन्सिलला ज्यांची काळजी वाटते अशा मुलांसाठीही काही जागा असतात: फॉस्टर कुटुंबात (आईबापांऐवजी सांभाळणाऱ्या दुसऱ्या घरात) राहणारी, आजारी आईचं सगळं करणारी, नुकतीच आश्रयाला आलेली.

सासूबाईंना हे समजवावं लागणार नाही. २०१६ च्या दुष्काळात सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळी भागांतल्या शाळांमध्ये उन्हाळ्याच्या सुट्टीतही मुलांचं दुपारचं जेवण चालू ठेवायला सांगितलं होतं. माणसारख्या तालुक्यात शिकवलेल्या बाईंना शाळा बंद म्हणजे खिचडी बंद, हे हिशेब न मांडताही कळतं.

आता त्या मुलांबद्दल. आमचा क्लब सोमवार ते गुरुवार चालतो. पहिल्या उन्हाळ्यात एक मुलगा होता (त्याची ओळख पटेल असं सगळं मी बदललं आहे). सोमवारी यायचा तो गप्प, मंगळवारी-बुधवारी खेळात रमायचा, आणि गुरुवारी सकाळपासून बिघडायचा. कुणाला ढकल, खुर्ची पाड, चित्र फाड. जेवताना मात्र दोनदा वाढून घ्यायचा आणि पावाचा तुकडा खिशात घालायचा. मला वाटलं, हट्टी आहे. क्लबच्या प्रमुख बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आज गुरुवार आहे. आता सोमवारपर्यंत मधे काही नाही." त्यानंतर मी दर गुरुवारी त्याच्या जवळच्या टेबलावर बसायला लागले. काही बोलायचे नाही. तिसऱ्या आठवड्यात त्याने विचारलं, "तू सोमवारी आहेस ना?" मी हो म्हटलं, आणि सोमवारी गेले.

तुमच्याकडून त्या मुलांना हवं आहे ते हेच. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी तेच माणूस पुन्हा येणं. यातल्या कितीतरी मुलांच्या आयुष्यात मोठी माणसं येतात आणि निघून जातात: सोशल वर्कर बदलतात, घरं बदलतात, एखाद्याचे बाबा शनिवारी येणार म्हणून सांगतात आणि येत नाहीत. तुम्ही आठवड्याला चार दिवस देऊ शकत नसाल तर दोन द्या, एक द्या, पण तो एक शेवटच्या आठवड्यापर्यंत पाळा. मधेच दहा दिवस स्कॉटलंडची सहल ठरली असेल तर ते क्लबला आत्ताच सांगा, आणि मुलांनाही आधी सांगा.

म्हणूनच मंडळाच्या बेताला माझं उत्तर सरळ 'नको' आहे. मैत्रिणींचं मन चांगलं आहे, यात शंका नाही. पण पंधरा अनोळखी बायका एका दुपारी येऊन लाडू वाटतात, फोटो काढतात आणि परत कधी दिसत नाहीत, तेव्हा आपण कोणाला तरी दयेसाठी दाखवले गेलो एवढंच त्या मुलांना कळतं. दहा वर्षांच्या मुलाला ते फार नेमकं कळतं. फोटो तर काढूच नका. फॉस्टर कुटुंबातल्या किंवा घरातल्या मारहाणीतून आईबरोबर निसटलेल्या मुलाचा चेहरा आणि शाळेचं नाव एकत्र बाहेर गेलं, तर ज्याच्यापासून ते लपलेत तो माणूस दारात येऊन उभा राहू शकतो. मंडळाला खरंच काही करायचं असेल तर क्लबला विचारून फळांचा किंवा रंगसाहित्याचा खर्च उचला, आणि ज्या दोघी-तिघी पूर्ण महिना येऊ शकतील त्यांनी रीतसर अर्ज करा.

घरचं जेवण न्यायचं मनात असेल तर एवढं लक्षात घ्या. इथे कायद्याने ठरवलेले चौदा ॲलर्जीचे पदार्थ आहेत, आणि त्या यादीत शेंगदाणे, तीळ, मोहरी, दूध, गहू हे सगळं येतं. म्हणजे आपला कूट, आपली चिक्की, आपली साधी फोडणीसुद्धा. बाजारातल्या बऱ्याच हिंगांतही गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. मी पहिल्याच दिवशी मोठ्या हौसेने चकल्यांचा डबा नेला होता, भरपूर तीळ घातलेल्या. प्रमुख बाईंनी तो हसून, पण लगेच कपाटात ठेवला. हॉलमध्ये एका मुलीला तिळाची इतकी तीव्र ॲलर्जी होती की तिचं इंजेक्शन ऑफिसात कायम तयार असायचं. मला त्या रात्री झोप लागली नाही. जेवण क्लबचंच असू द्या. आणि ताटावर आपला आग्रह नको. "अजून घे", "एवढंसंच?", "ताटात टाकू नकोस" ही आपली प्रेमाची वाक्यं आहेत, मी जाणते, पण अन्न हाच ज्याच्या घरातला ताण आहे त्या मुलाला ती टोचतात. मागितलं तर वाढा, नाही म्हटलं तर पुढे जा. खिशात गेलेला पाव तुम्हाला दिसला नाही असं वागा, आणि नंतर प्रमुखांच्या कानावर घाला.

गप्पांनाही हेच लागू. "सुट्टीत कुठे जाणार?", "बाबा काय करतात?", "घरी कोण कोण असतं?" हे आपण सहज विचारतो. तिथे विचारू नका. समोर जे आहे त्यावर बोला: समुद्र हिरवा का रंगवलास, हा डाव कसा जिंकलास. गालगुच्चा घेणं, केसांतून हात फिरवणं, मांडीवर बसवणंही टाळा. मूल आपणहून बिलगलं तर झिडकारू नका, शेजारी बसवून घ्या. कधीही कुणा मुलाबरोबर बंद खोलीत एकटं राहू नका, गाडीतून घरी सोडू नका, फोन नंबर किंवा इन्स्टाग्राम देऊ नका. ह्यांना जी भीती वाटते तिचं उत्तर या नियमांतच आहे. ते मुलांना जपतात तसेच तुम्हालाही जपतात.

आणि एक दिवस एखादं मूल तुमच्याजवळ येऊन काहीतरी सांगेल. सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, पण तयारी असावी. ते म्हणेल, "कोणाला सांगणार नाहीस ना?" इथे 'नाही' म्हणू नका. म्हणा, "तू मला सांगितलंस ते बरं केलंस. पण तुला मदत करू शकेल अशा माणसाला मला हे सांगावं लागेल." मग ऐका. खोदून विचारू नका, "मारलं का?" असे शब्द त्याच्या तोंडात घालू नका, चेहऱ्यावर धक्का दाखवू नका. लगेच, त्याच दिवशी, घरी जायच्या आधी, क्लबच्या सेफगार्डिंग प्रमुखांना, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांना, सांगा आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून तारीख, वेळ आणि सही घाला. हा प्रमुख कोण, हे पहिल्या दिवशीच विचारून ठेवा. त्यांनी मनावर घेतलं नाही असं वाटलं तर एनएसपीसीसी या मुलांच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थेची हेल्पलाइन आहे, ०८०८ ८०० ५०००. मुलांसाठी चाइल्डलाइनचा ०८०० ११११ हा नंबर आपल्या घरच्या मुलांनाही पाठ असू द्या. त्यानंतर ती गोष्ट कुणाकडेही बोलायची नाही. ह्यांच्याकडेसुद्धा नाही. मन जड झालं तर प्रमुखांशी बोला, ते त्यांचं कामच आहे.

तुमच्या रडण्याचंही तसंच. डोळे भरले तर पाणी पिऊन यायला बाहेर जा, कुणी काही म्हणणार नाही. मी घरी येऊन भांडी घासताना रडले आहे. मुलांसमोर मात्र नको, कारण मग ती तुम्हाला सांभाळायला लागतात, आणि ते काम त्यांना आधीच फार पडतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. डिपेंडंट व्हिसावर तुम्हाला काम करायला मुभा आहे, तशी स्वयंसेवेलाही. डीबीएस तपासणी, म्हणजे तुमच्या नावावर गुन्हा नोंदलेला नाही ना याची सरकारी तपासणी, लागेल. स्वयंसेवकांकडून डीबीएस तिचे पैसे घेत नाही. क्लब भारतातलं पोलिसांचं प्रमाणपत्रही मागू शकतो. या सगळ्याला आठवडे जातात, तेव्हा मेलला उत्तर याच आठवड्यात द्या.

मुलीसाठी: सिल्व्हरला स्वयंसेवा सहा महिने, आठवड्याला सरासरी एक तास अशी लागते, म्हणजे चार आठवड्यांच्या क्लबने तिचं भागणार नाही. ते तास ती वाचनालयात किंवा फूड बँकेत दर आठवड्याला करू दे. शिवाय डीबीएस तपासणी सोळा वर्षांपासून होते, आणि पंधराव्या वर्षी ती कायद्याने स्वतःच मूल आहे. काही क्लब अशा मुलांना मोठ्यांच्या देखरेखीखाली मदतीला घेतात. विचारा. पण हातात अवॉर्डची वही नसतानाही तिला यावंसं वाटतं का, हे तिलाच आधी विचारा. तिच्याच शाळेतली एखादी मुलगी तिथे जेवायला आलेली असू शकते. ती दिसली तर आपली लेक शाळेत एक शब्द काढणार नाही, याची तुम्हाला खात्री हवी.

हेही सांगायलाच हवं, की त्या रांगेत आपल्यातलं कुणी दिसेल. नोकरी गेलेली असते, संसार मोडलेला असतो, आणि गणपतीत आरतीला मात्र माणूस इस्त्रीचा कुर्ता घालून येतो. व्हिसावर 'नो रिकोर्स टु पब्लिक फंड्स' (सरकारी आर्थिक मदत घेता येणार नाही) असा शिक्का असलेल्या कुटुंबांनाही इंग्लंडमध्ये २०२२ पासून उत्पन्नाच्या मर्यादेत शाळेचं मोफत जेवण कायमचं खुलं झालं आहे, आणि ते पब्लिक फंड्समध्ये मोडत नाही. पुष्कळांना हे माहीत नसतं, म्हणून घाबरून मागत नाहीत. मंडळात हे सगळ्यांसमोर एकदा सांगा, कुणा एकाकडे न बघता. एवढं मंडळाने केलं तरी मोठं काम होईल.

राहिल्या सासूबाई. व्हिजिटर व्हिसावर स्वयंसेवा करता येते, पण एकूण ३० दिवसांपर्यंत, आणि ती नोंदणीकृत चॅरिटीसाठीच. तेव्हा तुमचा क्लब शाळा चालवते, कंपनी चालवते की चॅरिटी, ते विचारून घ्या. चॅरिटी असेल तर महाराष्ट्र पोलिसांचं चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र चालेल का तेही विचारा, म्हणजे त्या निघायच्या आत ते काढून ठेवतील. नियमात बसलं नाही तर त्यांना तसं स्पष्ट सांगा, आडवाटेने नेऊ नका.

बसलं, तर इंग्रजीची काळजी सोडा. आमच्याकडे आलेल्या एका आजींनी आठ-नऊ वर्षांच्या मुलींना सागरगोटे शिकवले. भाषा लागलीच नाही. एक वर उडवायचा, खालचा उचलायचा, वरचा झेलायचा. मात्र खरे सागरगोटे म्हणजे झाडाच्या बियाच, त्या विमानातून आणू नका. बागेच्या दुकानात गुळगुळीत खडे मिळतात, त्यातले मध्यम आकाराचे निवडा, आणि पाच-पाचांचे आठ-दहा संच करा. एका संचावर भांडणं होतात. आणि त्यांना एक स्वेटर आणायला सांगा, शाळेचे हॉल इथे जुलैतही गार असतात.