न्यू जर्सीत प्रॉपर्टी टॅक्सचं असेसमेंट आणि वसुली टाउनशिपकडून (गावाकडून) काढून काउंटीकडे (जिल्ह्याकडे) द्यावी का?

असेसमेंट, म्हणजे टॅक्ससाठी घराची किंमत ठरवायचं काम, द्यावंच.

2019 च्या फेब्रुवारीत असेसरचं पोस्टकार्ड आलं, घराची किंमत एकदम 38 हजारांनी वाढवलेली. आम्ही वर्षभरात भिंतीला खिळासुद्धा ठोकला नव्हता. टाउन हॉलला गेलो तर असेसर पार्ट टाइम, अजून दोन गावं तेच बघतात, आमच्याकडे फक्त मंगळवारी संध्याकाळी. तीन मंगळवार ऑफिसातून लवकर निघून फेऱ्या मारल्या तेव्हा कुठे प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे असेसरकडची आमच्या घराची नोंद, हातात पडलं. त्यावर पेन्सिलीने लिहिलेलं, बेसमेंट फिनिश्ड. आमच्या बेसमेंटात उघडं काँक्रीट, पाणी उपसायचा संप पंप आणि गणपतीच्या मखराची खोकी, बास. बघायला कधी कोणी आलंच नव्हतं! आणि शेजारचं घर त्याच बिल्डरचं, त्याच मापाचं, खाली खरोखर कार्पेट-बाथरूम केलेलं, त्याची किंमत आमच्यापेक्षा कमी.

मग काउंटी टॅक्स बोर्डाकडे अपील केलं, 1 एप्रिलच्या आत, 25 डॉलर फी. तिथे शेजाऱ्याचा आकडा दाखवून भागत नाही, आसपासच्या विक्रीचे दाखले लागतात आणि तोवरचा टॅक्स भरलेला लागतो. बेसमेंटचे फोटो आणि तीन दाखले नेले, दहा मिनिटांत आकडा खाली आला.

तरी आमचे साडू आजही म्हणतात, गावचा असेसर ओळखीचा असतो, काउंटीत कोण विचारतो. अहो, टॅक्सला ओळख लागतेच कशाला? 21 काउंट्या आणि साडेपाचशेच्या वर म्युनिसिपालिट्या, कुठे दरवर्षी किमती तपासतात, कुठे वर्षानुवर्षं हातच लावत नाहीत. ग्लॉस्टर काउंटीत 2009 च्या कायद्याने असेसमेंट काउंटीकडे गेलंय, मग बाकीच्या वीस काउंट्यांना काय अडचण आहे?

वसुलीचं म्हणाल तर तिमाही चेक कुठल्या खिडकीत द्यायचा एवढाच प्रश्न, ती गावाकडे राहिली तरी माझी हरकत नाही.

आता एक सांगायला हवं, यातून तुमचं बिल कमी होईल असं समजू नका, बिलातला मोठा वाटा शाळांचा असतो. आणि नुसती काउंटी असून पुरत नाही, पलीकडे पेनसिल्व्हेनियात काउंटीच असेसमेंट करते तरी बक्स काउंटीत 1972 च्या किमती धरून बसलेत. ठराविक वर्षांनी फेरमूल्यांकन करायची सक्ती हवी.

तोवर प्रत्येकाने आपलं कार्ड मागून बघा. साडूंनी त्यांचं अजून काढलेलं नाही.