दुर्बिणीने करतो म्हणाले आणि ओपन केलं, केस होईल का?

नमस्कार. तुमचं थोडक्यात असं की वडिलांच्या जांघेतला हर्निया दुर्बिणीने करू असं सर्जन म्हणाले होते, प्रत्यक्षात कापून जाळी बसवली, चार महिने झाले तरी दुखतंय आणि तुम्हाला केस टाकायचीय.

तुम्ही जाता जाता लिहिलंय की वडिलांचं आधी प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय. माझ्या मते सगळं इथेच आहे. दुर्बिणीने जाळी स्नायूंच्या मागे बसवतात, आणि प्रोस्टेट काढताना नेमकी तीच जागा उघडलेली असते, नंतर तिथं सगळं चिकटून बसतं, म्हणून अशा पेशंटला समोरून ओपन केलेलं बरं असं 2018 च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्येही आहे. हर्निया दोन्ही बाजूंना असेल किंवा आधी ओपन करून परत झाला असेल तर उलट दुर्बीण बरी. पूर्ण भूल झेपत नसेल तर ओपन, ते नुसती जागा बधिर करूनही होतं. त्यामुळे 'ओपन का केलं' यावर केस टिकणार नाही. मान्य पद्धतींपैकी एक निवडली म्हणून डॉक्टर निष्काळजी ठरत नाही, सुप्रीम कोर्टाच्या 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालात हे स्पष्ट आहे. दुखणं तीन महिन्यांपुढे राहणं हा दोन्ही पद्धतींतला माहीत असलेला धोका आहे, तेवढ्यावर कोर्ट चूक धरत नाही.

पण प्रोस्टेटचं आधीच माहीत होतं तर दुर्बिणीचं सांगितलंच कसं? हे विचारायचा वडिलांना पूर्ण हक्क आहे. म्हणून आधी ऑपरेशन नोट बघा. दुर्बीण घातली, चिकटलेलं दिसलं, मग ओपन केलं, आणि संमतीच्या फॉर्मवर 'गरज पडल्यास ओपन' लिहिलेलं असेल तर तुमची बाजू कमजोर आहे, सुरक्षिततेसाठी बदललं ही चूक नाही. दुर्बीण घातलीच नसेल तर निर्णय बहुतेक आधीच झाला होता आणि तो वडिलांना सांगायलाच हवा होता. शिवाय फॉर्मवर सही तुमची आहे म्हणता! वडील शुद्धीत होते, मग संमती त्यांचीच लागते. समीरा कोहली केसमध्ये (2008) पेशंट भुलीखाली असताना आईने दिलेली संमती कोर्टाने मानली नव्हती.

आता वडिलांच्या सहीने पूर्ण फाइल लेखी मागा, पोच घ्या, नियमाने 72 तासांत मिळायला हवी. ती दुसऱ्या सर्जनला दाखवून लेखी मत घ्या, नोटीस त्यानंतरच. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, घाई नाही पण विसरूही नका. आणि दुखण्याचा इलाज केससाठी थांबवू नका, प्लीज. नस दबली असेल तर त्यावर उपचार आहेत, वडिलांना याच आठवड्यात दाखवा आणि प्रत्येक भेटीचा कागद जपून ठेवा.