नियम मागणारा एक, भुर्दंड दुसऱ्याला

अगं,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज बसमध्ये ऐकला, नळ स्टॉपला ट्रॅफिक होतं म्हणून पूर्ण ऐकून तरी झाला. तर थोडक्यात असं की कोथरूडचा तुझा डीअँडडीचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून पात्रं खेळवायचा खेळ) ग्रुप नुकताच कुठे जमायला लागलाय आणि आत्ताच सगळ्यांना जास्तीचे नियम पाहिजेत. एकाला नॅचरल वन (वीस बाजूंच्या फाशावर एक) आला की तलवार हातातून पडायला हवीये, एकाला थेट डोळ्यात बाण मारायचाय, एकीला पोशन (जादूचं औषध) बोनस अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे टर्नमधल्या छोट्या जादा चालीत, प्यायचंय आणि चौथा कुठूनतरी मावळा नावाच्या क्लासची (पात्राच्या प्रकाराची) पीडीएफ घेऊन आलाय. आणि तू विचारतेयस नाही कसं म्हणू.

नाही म्हणायची घाई करू नकोस. हा खेळच मुळात असल्या घुसडलेल्या नियमांतून आलाय, डेव्ह अर्नसनने चेनमेल नावाच्या वॉरगेममध्ये स्वतःचं काय काय घालून ब्लॅकमूर नावाचा स्वतःचा खेळ चालवला आणि मग त्याच्या आणि गॅरी गायगॅक्सच्या नावाने १९७४ मध्ये डीअँडडी आलं. त्यामुळे नियम बदलणं म्हणजे पाप वगैरे नाही, फक्त प्रत्येक मागणीला एक प्रश्न विचारायचा: याचा त्रास नक्की कुणाला होणार? कारण मागतो एक आणि भरतो भलताच, आणि जो भरणार असतो तो बऱ्याचदा त्या वेळी चहा घेत गप्प बसलेला असतो.

पोशनवालीला सरळ हो म्हण. २०१४ च्या नियमांत पोशन प्यायला पूर्ण अ‍ॅक्शन जायची, म्हणजे आपली टर्न आली की एक घोट घ्यायचा आणि परत बसून राहायचं, बोअर होतं यार. कितीतरी टेबलांवर लोक आधीपासूनच ते बोनस अ‍ॅक्शन धरत होते आणि २०२४ च्या पुस्तकात अधिकृतच तसं झालं. कुणाचं काही बिघडत नाही, विषय संपला.

आता तो नॅचरल वनवाला. हा नियम ऐकायला भारी वाटतो म्हणून जरा गणित करून बघ. एका रोलला एक यायची शक्यता ५ टक्के. पाचव्या लेव्हलच्या फायटरला (लढवय्या क्लास) एका टर्नमध्ये दोन अटॅक मिळतात, म्हणजे निदान एकदा तरी एक यायची शक्यता झाली जवळपास १० टक्के. विसाव्या लेव्हलला चार अटॅक, तिथे ती जाते साडेअठराच्या आसपास. म्हणजे बाई जितका कसलेला योद्धा तितकी त्याची तलवार जास्त वेळा खाली पडणार! आणि फायरबॉल टाकणारा विझर्ड (जादूगार) तर अटॅक रोल करतच नाही, सेव्ह, म्हणजे बचावाचा रोल, समोरच्यांनी करायचा, त्यामुळे त्याचं कधीच काही पडत नाही. हा नियम मागणारा कोण आहे ते बघ एकदा, माझी पैज आहे विझर्डच असेल.

पण त्याला खरं काय हवंय? एक आला की टेबलावर हशा पिकावा एवढंच ना, मग तेवढंच दे. ज्याला एक आला त्यानेच सांगायचं आपली काय फजिती झाली ते, अटॅक चुकला तो चुकलाच, वर आणखी शिक्षा नाही.

डोळ्यात बाणवाल्याला लगेच नियम देऊ नको, आधी विचार की मग गॉब्लिननेही तुझ्या डोळ्यात मारलेलं चालेल का. बहुतेक तिथेच गप्प होईल. कारण राक्षस तीन-चार राऊंड जगतो, त्याचा डोळा फुटला काय नि राहिला काय, कॅरेक्टर मात्र पूर्ण कॅम्पेन एका डोळ्याने काढणार. तरीही समोरच्या ओग्रला (धिप्पाड राक्षस) आंधळंच करायचं असेल तर म्हण की ठीक आहे, या बाणाचं डॅमेज सोड, ओग्र सेव्ह करेल, हरला तर त्याच्या पुढच्या टर्नपर्यंत त्याला दिसणार नाही. काहीतरी मिळवायला काहीतरी सोडायला लागलं की मागण्या आपोआप शहाण्या होतात.

आणि भांडण मधेच, ऐन लढाईत निघालं तर पुस्तक उघडून बसू नकोस, आजच्यापुरतं असं म्हणून निकाल दे आणि पुढे चल, चर्चा नंतर. सोसायटीच्या पार्किंगमधलं क्रिकेट आठव, बाल्कनीत गेला की आऊट हा नियम कुणी आधी बसून लिहिला नव्हता, काच फुटली तेव्हा आला. तुझ्या टेबलावर अजून काय फुटलंय ते बघ, काहीच नसेल तर नियम कशाला.

मावळ्याचं मला आवडलं, खरं सांगू का तुला, अशा पोराला नाराज करू नये. फक्त अख्खा क्लास घेऊ नकोस. त्याला विचार त्यात नक्की काय आवडलं. दांडपट्टा असेल तर फायटर घे, लाँगस्वर्डचेच आकडे ठेव आणि दांडपट्टा म्हण, कुणाला काय फरक पडतो. कड्यावर चढायचं असेल तर थीफ (चोर) हा सबक्लास, म्हणजे क्लासचा उपप्रकार, आहे की, तिसऱ्या लेव्हललाच चढायला जास्तीची मूव्हमेंट लागत नाही, सिंहगडाला तेवढं बास. छापील क्लासमध्ये त्याची हौस भागत असेल तर बाकीच्यांच्या पुढे जायचा प्रश्नच येत नाही.

एखादा नियम घ्यायचाच ठरला तर आधीच सांगून ठेव की दोन-तीन सेशन बघू आणि मग ठेवायचा का ते ठरवू, नाहीतर एकदा दिलेलं काढून घेताना फार रुसवे होतात. आणि मत विचारताना मागणाऱ्याला शेवटी विचार, आधी तुझा फायटर, तो बिचारा तर काहीच बोलत नाही म्हणालीस ना.

रविवारच्या आधी ग्रुपवर टाकून दे की मागण्या शुक्रवारपर्यंत, सेशनमध्ये नाही. ती पीडीएफ मला पाठव, पाचव्या लेव्हलचं पान आधी, तिथेच कळतं किती फुगवलंय ते.

दादा