पेशीपटलातले लिपिड रिसेप्टरच्या कामात खरंच ढवळाढवळ करतात का?

प्रश्न विचारणारे नागपूरला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहेत. त्यांच्या पुस्तकात पेशीपटल म्हणजे लिपिडचा (मेदासारख्या रेणूंचा) समुद्र आणि त्यात तरंगणारी प्रथिनं, एवढंच दिलंय. सर मात्र वर्गात म्हणाले की रिसेप्टरचं, म्हणजे बाहेरचा निरोप पकडणाऱ्या प्रथिनाचं, वागणं आजूबाजूच्या लिपिडवर ठरतं. ते कसं, आणि बाबा कोलेस्टेरॉलची गोळी घेतात तर त्यांच्या रिसेप्टरचं काय, असा एकूण प्रश्न आहे.

तुमचे सर बरोबर सांगताहेत. पुस्तकही चूक नाही, फक्त ते १९७२ सालात थांबलंय. त्या वर्षी सिंगर आणि निकोल्सन यांनी जे चित्र मांडलं, त्यात भर होता प्रथिनं पटलात इकडून तिकडे सरकतात यावर. लिपिडकडे त्यामुळे नुसतं द्रावक म्हणून बघायची सवय लागली, आणि आपल्या अभ्यासक्रमातून ती अजून गेलेली नाही.

आधी रिसेप्टर काय करतो ते बघा. अ‍ॅड्रेनलिनचा किंवा (एखादा अपवाद सोडला तर) सेरोटोनिनचा रिसेप्टर म्हणजे पटलातून सात वेळा आरपार गेलेली प्रथिनाची एक साखळी. बाहेरून हॉर्मोन येऊन बसलं की या सात दांड्या एकमेकींच्या मानाने सरकतात, आतल्या बाजूला खाच उघडते आणि जी-प्रोटीन, म्हणजे निरोप पुढे नेणारं प्रथिन, तिथे येऊन अडकतं. हे सरकणं होतं कुठे? लिपिडच्या शेपट्यांच्या गर्दीत. गर्दी दाट की विरळ, पटल जाड की पातळ, यावर रिसेप्टरला कुठली मांडणी सोपी जाईल ते ठरतं.

दाट-विरळ म्हणजे काय ते घरीच दिसतं. डिसेंबरात आपल्याकडे पारा दहाच्या आसपास आला की खोबरेल तेल बाटलीत गोठतं, जवसाचं मात्र वाहत राहतं. खोबरेलात सरळ शेपट्यांची संपृक्त मेदाम्लं जास्त, ती एकमेकांना चिकटून बसतात. जवसातली दुहेरी बंधांमुळे वाकलेली, त्यांना तसं बसता येत नाही. पटलातही हेच रसायन चालतं. पाणी गार झालं की मासे आपल्या पटलात असंपृक्त मेदाम्लं वाढवतात ती याचसाठी. आपलं तसं नाही, मे महिन्यात बाहेर ४५ अंश असले तरी पेशी ३७ लाच. पण आपल्या बाह्यपटलात ढोबळमानाने लिपिडच्या दर तीन रेणूंमागे एक कोलेस्टेरॉलचा असतो, आणि पटलाचा पोत बराचसा तो सांभाळतो.

आता मुद्द्याची गोष्ट. कोलेस्टेरॉलमुळे रिसेप्टर बदलला, तर तो पटलाचा पोत बदलल्यामुळे, की कोलेस्टेरॉलचा रेणू थेट रिसेप्टरला जाऊन भिडल्यामुळे? या विषयातला कुठलाही शोधनिबंध हातात घेतलात की पहिल्यांदा हेच विचारा. निम्मी भांडणं इथेच आहेत.

याचं मला सगळ्यात आवडणारं उत्तर हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणू जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतून आलं, अमिताभ चट्टोपाध्याय यांच्या गटाकडून. त्यांनी मेंदूच्या हिप्पोकॅम्पस भागातली पटलं घेतली आणि सायक्लोडेक्स्ट्रिन हा कोलेस्टेरॉल ओढून घेणारा पदार्थ वापरून त्यातलं कोलेस्टेरॉल काढून घेतलं. सेरोटोनिन-१ए रिसेप्टरची औषधाला धरून ठेवण्याची क्षमता घसरली. कोलेस्टेरॉल परत घातल्यावर ती पुन्हा वाढली. मग त्यांनी कोलेस्टेरॉलऐवजी ७-डिहायड्रोकोलेस्टेरॉल घातलं. दोघांत फरक फक्त एका दुहेरी बंधाचा. पटलाचा पोत पूर्ववत झाला, रिसेप्टर मात्र नाही! म्हणजे इथे नुसत्या पोतावर भागत नाही, रेणूच्या नेमक्या आकाराला किंमत आहे. पुढे २००८ मध्ये बीटा-२ अ‍ॅड्रेनर्जिक रिसेप्टरच्या स्फटिकात कोलेस्टेरॉलचे रेणू दांड्यांमधल्या खाचेत बसलेले चक्क दिसले.

आणि हे कोलेस्टेरॉलपुरतंच नाही. पटलाच्या बाहेरच्या थरात साखरेचं डोकं असलेले गँग्लिओसाइड असतात. त्यातला जीएम३ ईजीएफ (पेशींना वाढायला सांगणारं प्रथिन) याच्या रिसेप्टरला लगाम घालतो. २०११ मध्ये शुद्ध रिसेप्टर कृत्रिम पटलात बसवून हे तपासलं गेलं. जीएम३ असताना ईजीएफ नेहमीसारखंच येऊन चिकटत होतं, पण रिसेप्टरचं स्वतःवर फॉस्फेट चढवणं, म्हणजे त्याचं चालू होणं, दबत होतं. पटलाला लागून असलेलं रिसेप्टरमधलं एकच लायसिन (एक अमिनो आम्ल) बदललं आणि हा लगाम सुटला. मधुमेहाच्या दृष्टीनेही जीएम३ महत्त्वाचा आहे. ज्या उंदरांना तो बनवता येत नाही, त्यांच्यात इन्सुलिनचा असर जास्त दिसतो. त्याचा भाऊबंद जीएम१ तर स्वतःच कॉलराच्या विषाचा रिसेप्टर. ते विष असतं हे १९५९ मध्ये कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी दाखवलं. आपल्या पुस्तकांत त्यांचं नाव अजून फारसं येत नाही, याचा मला राग आहे.

'लिपिड राफ्ट'बद्दल मात्र जपून. कोलेस्टेरॉल आणि स्फिंगोलिपिड (लिपिडचाच एक प्रकार) मिळून पटलात छोटे तराफे बनतात आणि रिसेप्टर त्यांवर गोळा होतात, ही कल्पना सिमॉन्स आणि इकोनेन यांनी १९९७ मध्ये मांडली. ती इतकी गाजली की सायक्लोडेक्स्ट्रिन ओतायचं, संदेश थांबला की 'राफ्ट' म्हणून मोकळं व्हायचं, अशी टूमच निघाली. अहो, एवढं कोलेस्टेरॉल उपसलं तर पेशीत दहा गोष्टी एकदम बिघडणारच. आज जे मानलं जातं ते साधं आहे: असे पुंजके असतात, पण साधारण १० ते २०० नॅनोमीटरचे आणि क्षणभंगुर. तोंडी परीक्षेत एवढं बोललात तरी पुरे.

बाबांचं. रक्तातलं कोलेस्टेरॉल आणि पटलातलं कोलेस्टेरॉल यांचे हिशेब वेगळे असतात. पेशी स्वतः कोलेस्टेरॉल बनवते, बाहेरूनही घेते आणि पटलातलं प्रमाण हट्टाने सांभाळते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना स्टॅटिन (कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या गोळीतलं औषध) देऊन कोलेस्टेरॉल बरंच खाली आणलं तर सेरोटोनिन-१ए चं काम मंदावतं, हेही हैदराबादच्याच गटाने दाखवलंय. पण बशीतल्या पेशी म्हणजे बाबा नव्हेत, आणि त्यावरून गोळी बंद करायची नाही. काही त्रास वाटत असेल तर डॉक्टरांशी बोला. गोळी काय करते म्हणाल, तर यकृतातलं कोलेस्टेरॉल बनणं कमी करते. यकृताच्या पेशी मग आपल्या पटलावर एलडीएलचे (रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या कणांचे) रिसेप्टर वाढवतात आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल आत ओढून घेतात. हे रिसेप्टर शोधून त्यांचं काम उलगडणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. तेव्हा बाबांच्या बाबतीत रिसेप्टरची काळजी करू नका, गोळी चालते तीच त्यांच्या जोरावर.