‘पायाभूत’मधले भूत

भाषांतराचे काम करणाऱ्या एका वाचिकेने विचारले आहे : “‘विकसनशील देशांतील आंतरराष्ट्रीय पायाभूत सुविधा सहकार्य शाश्वत विकासाशी संरेखित करणे’ असे एका अहवालाचे शीर्षक मला देण्यात आले आहे. त्यातला ‘संरेखित’ हा शब्द बरोबर आहे का?”

बरोबर नाही. संरेखन रस्त्याचे होते, कालव्याचे होते, लोहमार्गाचे होते. तो कोणत्या शिवारातून जाणार आणि कोणाची विहीर त्याखाली जाणार हे त्यावरून ठरते. त्यालाही ‘आखणी’ हा साधा शब्द असताना संरेखन कशाला हवे, हा प्रश्न वेगळाच. धोरणाचे मात्र संरेखन होत नाही. मराठीत दोन गोष्टींचा मेळ बसतो, एक दुसरीशी सुसंगत असते किंवा तिला धरून असते. असे असूनही हल्ली प्रत्येक परिपत्रकात उद्दिष्टे संरेखित होतात, निधी संरेखित होतो, आणि परवा तर एका व्याख्यात्याने श्रोत्यांनाच ‘मानसिकदृष्ट्या संरेखित’ व्हायला सांगितले. हा शब्द काढून टाकावा. प्रश्नाचे उत्तर येथे संपले. पण त्या शब्दाने जे दोन शब्द जोडायला घेतले आहेत, ‘पायाभूत’ आणि ‘शाश्वत’, त्यांच्याविषयी कोणी काही विचारत नाही, आणि खरी गंमत त्यांच्यात आहे.

‘पायाभूत सुविधा’ हे ज्याचे भाषांतर, तो ‘इन्फ्रास्ट्रक्चर’ हा शब्द मूळचा फ्रेंच असून एकोणिसाव्या शतकात तो रेल्वेच्या अभियंत्यांचा होता. रूळ आणि त्याखालचे स्लीपर ही वरची रचना. त्यांच्याही खाली असणारा मातीचा भराव, पूल आणि बोगदे ही ‘इन्फ्रा’, म्हणजे खालची रचना. इंग्रजीत तो रुळला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, ‘नाटो’ या लष्करी संघटनेतील देशांनी सामाईक खर्चाने धावपट्ट्या आणि इंधनाच्या वाहिन्या बांधायला घेतल्या तेव्हा. १९५० साली चर्चिल यांनी ब्रिटिश संसदेत या नव्या शब्दाची यथेच्छ टिंगल केली होती. सांगायचा मुद्दा असा की ‘आंतरराष्ट्रीय सहकार्य’ हे या शब्दाला मागाहून लावलेले शेपूट नाही. इंग्रजीत तो चालू झाला तोच अनेक देशांच्या सामाईक खर्चाच्या वहीतून.

मराठीने त्यासाठी ‘पायाभूत’ हे विशेषण घेतले, आणि ते उत्तम आहे. यावर शुद्धिवाद्यांचा आक्षेप ठरलेला आहे : पाया फारसी, भूत संस्कृत, म्हणून हा संकर. ‘पाया’ फारसी ‘पायः’वरून आला हे मला मान्य आहे, त्याला ओढूनताणून ‘पादक’ या संस्कृत शब्दाच्या पोटी घालणाऱ्यांचे म्हणणे मान्य नाही. पण फारसी ‘पा’ आणि संस्कृत ‘पाद’ ही एकाच घरची भावंडे आहेत. शतकानुशतके ताटातूट झालेल्या भावंडांनी एका समासात पुन्हा एकत्र राहायचे ठरवले, तर त्याला संकर म्हणणे हा उद्धटपणा आहे. या मंडळींचा पर्याय काय, तर ‘अवसंरचना’. ज्या भाषेत ‘अव’ ऐकताच अवकळा, अवदसा आणि अवलक्षण आठवते, त्या भाषेत ज्या पुलाला अवसंरचना म्हणतात त्यावरून मी तरी गाडी नेणार नाही.

माझी तक्रार ‘पाया’विषयी नाही, ती ‘भूत’विषयी आहे. ‘भू’ म्हणजे होणे, ‘भूत’ म्हणजे झालेले. संस्कृतात हे ‘भूत’ दोन तऱ्हांनी जोडले जाते. मूलभूत, आधारभूत, प्रमाणभूत यांत ते सरळ जोडले आहे : जे मूळ आहेच, ते मूलभूत. भस्मीभूत, घनीभूत आणि आपल्या नेहमीच्या वापरातील कारणीभूत या शब्दांत मात्र मध्ये ‘ई’ येते. ही ‘ई’ म्हणजे पाणिनीने सांगितलेल्या ‘च्वि’ प्रत्ययाची खूण, आणि तिचा अर्थ असा की जे आधी तसे नव्हते ते आता तसे झाले. लाकूड आधी भस्म नव्हते, आता भस्मीभूत झाले. आता सांगा, बंदर, विमानतळ किंवा धरण बांधून झाले त्या दिवशी ते कशाचा पाया असते? त्यावर काही उभे राहिले, त्याच्या आधाराने कोणाचा माल गेला, कोणाचे शेत भिजले, म्हणजे ते पाया झाले. म्हणून व्याकरणाने नेमका शब्द ‘पायीभूत’ असा व्हायला हवा. फारसी शब्दाला पाणिनीचा प्रत्यय लावलेला पाहून दोन्हीकडचे पंडित माझ्या अंगावर येतील याची कल्पना आहे, आणि हा शब्द कोणी वापरणार नाही याचीही. पण फरक व्याकरणापुरता नाही. उद्घाटनाच्या फलकावर ‘पायाभूत’ लिहिता येते. ‘पायीभूत’ लिहायला दहापंधरा वर्षे थांबावे लागते.

याचे उदाहरण म्हणून श्रीलंकेच्या दक्षिण टोकाकडे पाहावे. हंबनटोटाजवळच्या मत्तला येथे २०१३च्या मार्चमध्ये एक आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला. त्याचा खर्च वीस कोटी डॉलरच्या आसपास होता आणि त्यातला बहुतेक पैसा चीनच्या सरकारी एक्झिम बँकेच्या कर्जातून आला. विमान कंपन्या आल्या आणि निघून गेल्या. जगातील सर्वांत रिकामा आंतरराष्ट्रीय विमानतळ अशी त्याची ख्याती झाली, आणि मालवाहतुकीसाठी बांधलेल्या इमारतीत काही काळ भात साठवण्यात आला. येथे ‘भूत’ या शब्दाचा मराठीतला दुसराच अर्थ जास्त लागू पडतो.

शेजारच्या हंबनटोटा बंदराची गोष्ट गुंतागुंतीची आहे, आणि तिच्याविषयी लिहिताना मराठी वर्तमानपत्रे एक शब्द हमखास चुकीचा वापरतात. पहिल्या टप्प्यासाठी चीनच्या एक्झिम बँकेने ३० कोटी ७० लाख डॉलर दिले आणि त्यावर ६.३ टक्के असा ठरीव व्याजदर लागला. २०१० साली बंदर उघडले. २०१२ साली वर्षभरात ३४ जहाजे आली. २०१७ साली ते चायना मर्चंट्स या चिनी कंपनीकडे गेले, आणि तेव्हापासून आपल्याकडे ते ‘गहाण पडले’. गहाण म्हणजे कर्जाच्या मोबदल्यात अडकवलेली वस्तू. कर्ज फिटले की ती सुटते, बुडाले की सावकाराची होते. हंबनटोटात यातले काहीच झाले नाही. ९९ वर्षांचा भाडेपट्टा झाला, त्यापोटी १ अब्ज १२ कोटी डॉलर श्रीलंकेला मिळाले, ती परकी गंगाजळी तिने आपल्या इतर देण्यांसाठी आणि तिजोरीच्या आधारासाठी ठेवली, आणि बंदराचे कर्ज जागच्या जागी राहिले. एप्रिल २०२२ मध्ये तिने परकी कर्जाची फेड थांबवली, तेव्हा त्या डोंगरात चीनच्या कर्जापेक्षा आंतरराष्ट्रीय रोखेबाजारातील कर्जाचा वाटा मोठा होता. ‘सावकाराने बंदर बळकावले’ ही कथा ऐकायला सोपी आहे, पण गहाणखत आणि भाडेपट्टा यांतला फरक ज्या भाषेतल्या कुळकर्ण्यांना पिढ्यानपिढ्या पाठ होता, त्या भाषेत तरी ती इतक्या सैलपणे सांगू नये. पुढे हे बंदर मोटारी एका जहाजातून दुसऱ्यात चढवण्याच्या धंद्यावर थोडेबहुत सावरले, म्हणजे माझ्या ‘ई’च्या दिशेने ते सरकते आहे.

ते ९९ वर्षे वाचून मला आमची जुनी जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आठवली. १८४९ साली ईस्ट इंडिया कंपनीने तिच्याशी केलेल्या करारातही ९९ वर्षेच होती. जमीन फुकट होती, आणि भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी होती. गाडी फायद्यात चालो वा तोट्यात, कमी पडेल तेवढे हिंदुस्थानच्या महसुलातून भरून द्यायचे. खर्च कमी करण्याचे कारणच कंपनीला उरले नाही. १८५३च्या एप्रिलमध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि लोकांनी तिला आगगाडी म्हणून नारळ वाढवले; हमीचे पैसे मात्र रयतेच्या साऱ्यातून जात राहिले. पुणे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात अर्थतज्ज्ञ गणेश व्यंकटेश जोशी यांनी रेल्वेच्या आर्थिक परिणामांची चिरफाड केली ती १८८०च्या दशकात. त्या लोहमार्गावर मुंबई उभी राहिली, तेव्हा तो पायीभूत झाला हे नाकारता येत नाही. त्याचे ओझे कोणी वाहिले हा प्रश्न तरीही उरतो, आणि तोच आपल्याला दुसऱ्या शब्दाकडे नेतो.

इंग्रजी ‘सस्टेनेबल’साठी घेतलेला ‘शाश्वत’ हा शब्द मला कधीच पटला नाही. ‘शश्वत्’ म्हणजे पुन्हापुन्हा, नेहमी. पाणिनीला ‘शाश्वतिक’ हा शब्द वापरावा लागला तो कायमच्या वैरासाठी, ज्याचे उदाहरण म्हणून वैयाकरण साप आणि मुंगूस देतात. माणसाने बांधलेले काही इतके टिकत नाही. ‘टिकाऊ’ त्याहून बरा, पण तो चपलेलाही लागतो. १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलंड आयोगाने अशा विकासाची जी व्याख्या केली, तिच्यात वस्तू किती टिकेल याचा उल्लेखच नाही; आजच्या गरजा अशा भागवाव्या की पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवण्याची ताकद उरावी, एवढेच तिच्यात आहे. आणि आता ज्यासाठी हा सारा पसारा मांडला ते सांगतो. इंग्रजी ‘सस्टेन’ लॅटिन ‘सुस्तिनेरे’वरून आला आहे : ‘सुब’ म्हणजे खालून आणि ‘तेनेरे’ म्हणजे धरणे. खालून धरणे! एक शब्द खालची रचना म्हणतो, दुसरा खालून धरणे म्हणतो, आणि अहवालाचे लेखक त्यांना संरेखित करायला निघाले आहेत. शिवाय हे ‘तेनेरे’ आणि संस्कृत ‘तन्’ म्हणजे ताणणे, पसरणे, हे एकाच मुळातून निघाले आहेत. तन्‌पासून तंतू, तान, वितान. ‘सम्’ लागून संतत, आणि त्याच संततपणातून संतती. पुढच्या पिढ्यांचा विचार करणाऱ्या संकल्पनेच्या आजोळी ‘संतती’ हा शब्द सापडावा, यापेक्षा अधिक काय हवे?

हिंदीने ‘सतत विकास’ हा शब्द घेतला आहे. ‘सतत’ हे ‘संतत’चेच दुसरे रूप, त्यामुळे व्युत्पत्तीच्या परीक्षेत हिंदी पहिली आली हे मला नाइलाजाने कबूल करावे लागते. मराठीत मात्र तो चालणार नाही, कारण आपल्याकडे सतत पाऊस पडतो आणि सतत तक्रार होते. सतत विकास म्हटले की एकच रस्ता वर्षातून चारदा खणलेला डोळ्यांपुढे येतो. आपल्याला शब्द घरातच आहे : पेलणे. खालून धरणे, वजन तोलणे आणि झेपणे हे तिन्ही अर्थ त्यात आहेत. जमिनीला धरण पेलते का, नदीला गाळ पेलतो का, तिजोरीला हप्ता पेलतो का, हे तीन प्रश्न एकाच क्रियापदाने विचारता येतात, आणि मत्तलाच्या वेळी तिसरा तरी कोणी नीट विचारलेला दिसत नाही.

जाता जाता आणखी एक. ‘जपानच्या मदतीने’ मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेन होते आहे असे रोज वाचतो. ते कर्ज आहे : मूळ अंदाजाच्या सुमारे ८१ टक्के, ५० वर्षांच्या मुदतीचे, पहिली १५ वर्षे मुद्दल न मागणारे, ०.१ टक्का व्याजाचे आणि येनमध्ये फेडायचे. फार सवलतीचे आहे, हे निर्विवाद. पण संस्कृतात ‘व्याज’ म्हणजे बहाणा, कपट; म्हणूनच निष्कपट प्रेमाला आपण निर्व्याज म्हणतो. ०.१ टक्का का होईना, निर्व्याज ते नव्हेच, आणि आज रुपयात दिसणारा हप्ता पन्नास वर्षांनी किती रुपयांचा असेल हे येन ठरवणार. कर्जाला कर्ज म्हणावे. त्यात देणाऱ्याचा अपमान नाही.

वाचिकेचे शीर्षक राहिलेच. मी ते असे लिहीन : ‘परदेशांच्या सहकार्याने उभारलेली पायाभूत कामे विकसनशील देशांना पेलतील कशी?’ कार्यालयाला ‘शाश्वत विकास’ हे शब्द हवेच असतील, तर ‘शाश्वत विकासाला धरून’ असे लिहावे. आणि ‘संरेखित’चा फारच आग्रह झाला, तर संरेखन कोणत्या शिवारातून जाणार, एवढे तरी त्यांना विचारून घ्यावे.