व्हिडिओत मी नाही, बाबा दिसले

प्रश्न : ताई, माझं वय ६१. नातीनं माझ्या नकळत माझा बोलतानाचा व्हिडिओ काढला. तो पाहिला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, बाबांचं हे चित्रीकरण हिला कुठं सापडलं? बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. मग अंगातला शर्ट ओळखीचा वाटला आणि धस्स झालं. रोज दाढी करताना आरशात मीच दिसतो, तिथं काही खटकत नाही. मग या म्हाताऱ्याला मी का ओळखलं नाही? डोक्यात काही बिघाड तर नाही ना?

उत्तर : बिघाड नाही. शर्टावरून का होईना, लगेच उलगडा झाला ना? मग काळजी सोडा. हा चकवा भल्याभल्यांना बसलेला आहे.

मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१९ सालच्या एका लेखाच्या तळटीपेत स्वतःची फजिती लिहून ठेवली आहे. रेल्वेच्या डब्यात ते एकटे बसले होते. गाडीला जोराचा हिसका बसला, शेजारच्या स्वच्छतागृहाचं दार उघडलं आणि घरातला झगा, प्रवासी टोपी अशा वेशातले एक वयस्कर गृहस्थ आत आले. चुकून इकडे आलेत, म्हणून त्यांना वाट दाखवायला फ्रॉइड उठले, तर दाराच्या आरशात ते स्वतःच! तो माणूस आपल्याला अजिबात आवडला नव्हता, हेही त्यांनी लिहिलं आहे. तळटीप छापली गेली तेव्हा ते ६३ वर्षांचे होते. जगाच्या मनाचा ठाव घेणाऱ्या माणसाची ही गत, तर तुम्ही-आम्ही कोण?

त्याच तळटीपेत अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञांचा उल्लेख येतो. विमानाचा वेग ध्वनीच्या पटीत सांगताना ज्यांचं नाव घेतात, तेच हे माख. रात्रभराच्या प्रवासानं थकून ते एका बसमध्ये चढले आणि समोरून चढणाऱ्याकडे बघून मनात म्हणाले, काय हा गबाळा मास्तर! समोर मोठा आरसा होता. यावर माख यांनी जे म्हटलं ते मला फ्रॉइडच्या गोष्टीपेक्षा मोलाचं वाटतं. स्वतःच्या चेहऱ्यापेक्षा आपल्या पेशातल्या माणसांचा तोंडवळाच त्यांना जास्त परिचयाचा होता.

तुमचं नेमकं हेच झालं. साठीतले बाबा तुम्ही वर्षानुवर्षं पाहिलेत. बोलताना, वळताना, बाजूनं, पाठमोरे. साठीतले तुम्ही मात्र तुम्हाला असे कधी दिसलाच नाहीत. दिसलात ते समोरून, गप्प, मान ताठ करून, दाढीपुरते. आरशासमोर आपण चेहरा बघत नाही, काम बघतो. पटत नसेल तर एक करा. वाफ धरलेल्या आरशावर, एक डोळा मिटून, दिसणाऱ्या डोक्याची बाह्यरेषा बोटानं काढा आणि मोजा. ती खऱ्या डोक्याच्या निम्मीच भरेल, जवळ उभे राहा की लांब. जन्मभर आरसा बघूनही बहुतेकांना हे खरं वाटत नाही.

त्यात आरसा डावं-उजवं बदलतो आणि कुणाचाच चेहरा दोन्हीकडून तंतोतंत सारखा नसतो. १९७७ सालच्या एका प्रयोगात स्त्रियांना त्यांच्याच फोटोच्या दोन प्रती दाखवल्या, एक सरळ आणि एक आरशासारखी उलटलेली. त्यांना स्वतःला उलटलेली प्रत जास्त पसंत पडली, त्यांच्या मैत्रिणींना सरळ. ज्याला जे बघायची सवय, त्याला ते बरं वाटतं. नातीचा व्हिडिओ तुम्हाला सरळ दाखवतो, म्हणजे ती तुम्हाला बघते तसा.

आता वयाचं. चाळिशी ओलांडलेल्या लोकांना आपण खऱ्या वयापेक्षा सरासरी वीस टक्क्यांनी लहान आहोत असं वाटतं, हे २००६ सालच्या एका अभ्यासात दिसलं. या हिशेबानं मनातले तुम्ही एकोणपन्नाशीच्या आसपास आहात. चेहरा मात्र थांबत नाही. गालांतली चरबी कमी होते, खाली सरकते. डोळ्यांच्या खोबणी रुंदावतात, जबड्याचं हाड झिजतं, नाकाचं टोक खाली येतं. तारुण्याच्या गुबगुबीतपणाखाली झाकलेली घराण्याची ठेवण अशी उघडी पडते. म्हणून बाबा.

मी स्वतः सत्तरीला टेकले आहे आणि फोटोतल्या माझ्या मानेशी माझं अजून पटलेलं नाही. पण नातीला व्हिडिओ काढू द्या. चार-सहा पाहिलेत की धस्स होणं कमी होईल. सवयीचा नियम इथंही चालतो.

प्रश्न : सेल्फीत माझं नाक फार मोठं दिसतं. वयानं वाढलं का?

उत्तर : वयानं थोडं बदलतं, पण इथं दोष अंतराचा. फोन चेहऱ्याच्या जवळ असला की नाक कॅमेऱ्याला कानांपेक्षा बरंच जवळ पडतं. सुमारे तीस सेंटीमीटरवरून काढलेल्या फोटोत ते दीड मीटरवरच्या फोटोपेक्षा जवळजवळ तीस टक्के रुंद दिसतं, असं गणित २०१८ साली मांडलं गेलं. शस्त्रक्रियेचा विचार करण्याआधी फोन दुसऱ्याच्या हातात द्या.

प्रश्न : माझ्या आईला स्मृतिभ्रंश आहे. आरशात कुणी परकी म्हातारी उभी आहे म्हणून ती तिच्यावर ओरडते. त्याच आरशात मला मात्र ओळखते. असं कसं?

उत्तर : स्मृतिभ्रंशात हे घडतं. आरसा म्हणजे काय हे कळत असूनही, त्यातला आपला चेहरा तेवढा परका होऊ शकतो. जुन्या फोटोत त्या स्वतःला ओळखत असतील, तर त्याचंही नवल नको. त्यांच्या आठवणीत तोच चेहरा शिल्लक असेल. "अगं, ती तूच आहेस" असं पटवायला जाऊ नका, भीती आणि राग दोन्ही वाढतात. "तिला जायला सांगते" म्हणा आणि त्यांना दुसऱ्या खोलीत न्या. आरसा झाका. खिडक्यांचे पडदे अंधार पडण्याआधीच ओढा, कारण रात्री काचेतही तीच बाई दिसते. मोतीबिंदू आहे का, तेही तपासून घ्या. हे एक-दोन दिवसांत अचानक सुरू झालं असेल, सोबत गुंगी किंवा फार गोंधळ असेल, तर थांबू नका. लघवीचा जंतुसंसर्ग किंवा नव्यानं सुरू झालेलं औषधही असा गोंधळ घालतं, तेव्हा डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्या बरोबर न्या.